नॅशव्हिलचं रायमन : चर्चचं थिएटर झालं, मग भुतं कुठून आली? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठवाड्यातली हौशी नाटकवाली मंडळी जमली की तालीम संपल्यावर गाडी भुतांवर येतेच, न मी अमेरिकेतल्या रायमन या जुन्या हॉलबद्दल बोलायला लागल्यापासून तर लातूर, नांदेड, बीड, परभणी, कुठून कुठून मेसेज येतात, त्यात निम्मे प्रश्न तेच ते असतात. म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. नंबर टाकलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा उल्लेख आला तर तिथं जाऊन बघा. मला भुताच्या गोष्टी मनापासून आवडतात, पण गोष्ट न तारीख शेजारी शेजारी ठेवून बघायची सवय आहे, त्याशिवाय ती गोष्ट लोकांना कशासाठी लागली ते कळत नाही.

१. ताई, हे रायमन म्हणजे नेमकं काय? चर्च का थिएटर?

दोन्ही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल, तिथं भर गावात लाल विटांची, टोकदार कमानींच्या खिडक्यांची ही इमारत आहे. १८९२ मधे ती युनियन गॉस्पेल टॅबरनॅकल या नावानं उघडली. कुठल्या एका पंथाचं चर्च नव्हतं ते, सगळ्या पंथांच्या लोकांनी एकत्र येऊन प्रवचन ऐकावं म्हणून बांधलेला मोठा प्रार्थना हॉल होता. आज नाव रायमन ऑडिटोरियम, बसायला २,३६२ जागा, न बसायला अजूनही चर्चचेच लांब लाकडी बाक. १९४३ ते १९७४ ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओवरचा गाण्यांचा कार्यक्रम इथूनच लाइव्ह व्हायचा, त्यामुळं तिकडच्या कंट्री म्युझिकवाल्यांना ही जागा म्हणजे पंढरी. २००१ मधे राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

२. रायमन कोण होता? पाद्री होता का?

अजिबात नाही. टॉम रायमन कंबरलँड नदीवर वाफेच्या बोटी चालवणारा धंदेवाईक माणूस, दारूच्या गुत्त्याचाही मालक. १८८५ मधे सॅम जोन्स नावाचा प्रवचनकार नॅशव्हिलला तंबू टाकून प्रवचनं करत होता, दारू न जुगारावर तुटून पडायचा, बोलायचा एकदम रोखठोक गावरान भाषेत. त्याची सभा उधळायला म्हणून रायमन तिथं गेला असं सांगतात, न बाहेर पडला तो पार बदलून. मग त्यानं ठरवलं की अशा माणसाला तंबूत बोलायला लावायचं नाही, त्याच्यासाठी पक्की जागा बांधायची. ह्यू थॉम्पसन या वास्तुविशारदानं नकाशा केला, खर्च त्या काळातले साधारण एक लाख डॉलर, न भिंती अर्धवट असतानाच १८९० मधे सॅम जोन्सनं तिथं उभं राहून प्रवचन केलं.

बोटींवरची सगळी दारू त्यानं नदीत ओतली असंही लोक सांगतात, ते मात्र दंतकथेत धरा. २३ डिसेंबर १९०४ ला रायमन वारला. अंत्यविधीची प्रार्थना ख्रिसमसच्या दिवशी याच हॉलमधे झाली, न जागेला त्याचं नाव द्यावं हे तिथंच सॅम जोन्सनं सुचवलं. म्हणजे ज्या माणसाचं भूत म्हणतात त्याचा शेवटचा निरोप, त्याची सगळ्यात मोठी हौस न त्याचं नाव, तिन्ही एकाच छपराखाली. भुताची गोष्ट जन्माला यायला अजून काय लागतं.

३. प्रार्थनेच्या जागेत नाचगाणं कसं काय घुसलं? कुणी अडवलं नाही का?

घुसलं कर्जापायी. एवढी मोठी इमारत नुसत्या प्रवचनाच्या देणग्यांवर चालत नव्हती, म्हणून हॉल भाड्यानं द्यायला सुरुवात झाली, न हे रायमन जिवंत असतानाच झालं हे नीट लक्षात ठेवा, पुढं प्रश्न ५ मधे त्याचं काम आहे. १८९७ मधे बाल्कनी झाली, १९०१ मधे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरासाठी स्टेज उभारलं गेलं. १९१३ मधे हेलन केलर न अ‍ॅन सलिव्हन यांचं भाषण हाऊसफुल झालं, १९१९ मधे ऑपेरा गायक करुसो गायला, १९२४ मधे जादूगार हुडिनी येऊन गेला.

पुष्कळ लोकांना वाटतं चर्चला एक दिवस कुलूप लागलं न दुसऱ्या दिवशी थिएटरची पाटी लागली, तर तसं नाही झालं. कितीतरी वर्षं एकाच हॉलमधे आज धर्मसभा, उद्या गाणं, परवा व्याख्यान असं चाललं, न त्याच बाकांवर तेच लोक. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, आपल्याकडं देवळाच्या मंडपात कीर्तन न जत्रेत त्याच देवळापुढं रात्रभर सोंगं, भारुडं चालतातच की. फरक एवढा की तिथं जागा एकच राहिली न तिचा मालक कोण, देव का कलाकार, हा वाद भिंतीच्या आतच राहिला. माझ्या मते रायमनची सगळी भुतं या एकाच वादातून उठलीत.

४. एकूण भुतं किती हायत? कुणी तीन म्हणतं कुणी पाच.

सगळीकडं सांगतात ती तीन. पहिला खुद्द कॅप्टन रायमन, त्याचा वावर मुख्य हॉलमधे (प्रश्न ५). दुसरा गायक हँक विल्यम्स, तो स्टेजच्या मागं न मागच्या गल्लीत (प्रश्न ७). तिसरा करड्या कपड्यातला माणूस, तो बाल्कनीत (प्रश्न ८). शिवाय एक शाप आहे, ते भूत नाही पण लोक त्यालाही मोजतात म्हणून आकडा वाढतो (प्रश्न ९).

परभणीच्या एका शाळकरी मुलानं विचारलंय की ही तिघं एकमेकांना भेटतात का. फार सुंदर प्रश्न आहे रे बाळा, न उत्तर असं की सगळीकडं फिरणाऱ्या गोष्टींत ती भेटत नाहीत. प्रत्येकाचा काळ वेगळा, इलाखा वेगळा, न प्रत्येकाची गोष्ट सांगणारी माणसंही वेगळी, एक धर्मवाल्यांची, एक गाणंवाल्यांची न एक युद्धवाल्यांची.

५. अश्लील शो चालू असला की रायमनचं भूत पाय आपटतं म्हणे, खरंय का?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. गोष्ट अशी सांगतात की स्टेजवर वाह्यात काही चाललं की हॉलमधे पावलांचा धडधड आवाज व्हायचा, इतका की लोकांना स्टेजवरचं ऐकू येईना, न हा आवाज म्हणजे पवित्र जागा बाटवली म्हणून चिडलेला कॅप्टन.

आता तारखा ठेवा शेजारी. काही जण हा प्रकार ऑपेराच्या प्रयोगाला जोडून सांगतात. पण मेट्रोपॉलिटनचा ऑपेरा तिथं आला १९०१ मधे न रायमन वारला १९०४ मधे, म्हणजे तेव्हा तो जिवंत होता, न ऑपेरासाठी स्टेज त्याच्या हयातीतच उभं राहिलं. मग नंतर मेल्यावर त्याला एकदम गाण्याचा राग का यावा? माझं असं स्पष्ट मत आहे की पाय आपटणारा रायमन नव्हता, पाय आपटायची इच्छा असलेलं गाव होतं. नॅशव्हिलमधे या जागेत काय दाखवावं न काय नाही यावरून खरोखरचे भांडणारे लोक होते, हाडामासाचे, अधिकारपद असलेले, न त्यांच्याशी एक बाई कोर्टात लढली. लोकांनी त्या भांडणातला राग मेलेल्या माणसाच्या पायात घातला, कारण मेलेला माणूस कुणाची बाजू नाकारू शकत नाही. ती बाई कोण ते पुढच्या प्रश्नात.

६. तुम्ही सारखं लुला नॅफ लुला नॅफ करता, कोण ही? तिचं भूत कामून नाही?

करते, न करत राहणार. लुला नॅफ ही विधवा बाई, स्टेनोग्राफर म्हणून कार्यक्रम बुक करणाऱ्या एका संस्थेत लागली. १९१४ मधे संस्था बंद पडली तेव्हा तिनं स्वतः हॉल भाड्यानं घेऊन कार्यक्रम लावायला सुरुवात केली, १९२० मधे रीतसर मॅनेजर झाली न १९५५ पर्यंत ती जागा तिनं चालवली. पत्रावर सही करायची एल. सी. नॅफ, म्हणजे समोरच्याला कळू नये की आपण बाईमाणसाशी व्यवहार करतोय. वर सांगितलेले करुसो, हुडिनी तिच्याच काळातले. ऑप्री १९४३ मधे तिथं आली तेव्हाही मॅनेजर तीच.

न १९३९ ची गोष्ट. तिथं एक गाजलेलं, धीट म्हणून बदनाम असलेलं नाटक लागणार होतं, गावातल्या सेन्सॉर बोर्डानं मुख्य नटाला अटक करायची तयारी केली. बाई कोर्टात गेली न जिंकली, ज्या कायद्यानं ते बोर्ड बनवलं होतं तो कायदाच कोर्टानं अवैध ठरवला. आपल्या महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवायला लागते, त्यामुळं ज्यांनी ज्यांनी स्पर्धेसाठी संहिता पाठवून वाट बघितलीय त्यांना या बाईचं काळीज काय असेल ते मी वेगळं सांगायला नको.

आता भूत का नाही. सगळीकडं फिरणाऱ्या तीन गोष्टींत एकही बाई नाही. एक पैसेवाला, एक स्टार, एक सैनिक. रोज दार उघडणारी, हिशोब ठेवणारी, तिकिटं खपवणारी बाई गोष्टीत येत नाही, कारण तिचं काम शांतपणे पूर्ण झालं न भूत व्हायला काहीतरी अर्धं राहावं लागतं. मला यात थोडी खंत वाटते. हॉलमधे कुणाची तरी पावलं ऐकायचीच असतील तर माझ्या मते ती तिची ऐकावीत, सगळ्यात जास्त तीच तिथं चाललीय.

७. हँक विल्यम्स तर तिथं मेला नाही, मग त्याचं भूत तिथं कसं?

बरोबर पकडलंत. हँक १ जानेवारी १९५३ ला गेला, वय २९. ओहायोतल्या कँटन गावी कार्यक्रमाला निघाला होता, गाडीच्या मागच्या सीटवर पडलेला, न वाटेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिल गावात कळलं की तो गेलाय. पुरलाय अलाबामातल्या माँटगोमेरीत. रायमनपासून सगळंच लांब.

पण त्याची अर्धी राहिलेली गोष्ट रायमनमधे आहे. ११ जून १९४९ ला तो ऑप्रीवर पहिल्यांदा गायला, लोकांनी सहा वेळा वन्स मोअर घेतला असं सांगतात. तीनच वर्षांनी, ऑगस्ट १९५२ मधे, दारू न गैरहजेरी यामुळं त्याला ऑप्रीतून काढलं. परत घेतील या आशेवर होता म्हणतात, पण पाच महिन्यांच्या आत गेलाच. म्हणून लोक सांगतात की रिकाम्या स्टेजवर त्याचं गाणं ऐकू येतं, मागच्या गल्लीत पांढऱ्या कपड्यातली उंच आकृती दिसते.

गल्लीचं पण कारण आहे. रायमनला स्टेजमागं जागाच नव्हती, मेकअप रूम म्हणाल तर नावाला, त्यामुळं कलाकार मागच्या दारानं गल्लीत न गल्लीपलीकडच्या बारमधे जाऊन बसायचे. म्हणजे गोष्टीतला पत्ता बरोबर आहे. आपल्याकडंही जुन्या नटांच्या आठवणी स्टेजवर कमी न विंगेत, मागच्या चहाच्या टपरीवर जास्त निघतात.

८. करड्या माणसाची गोष्ट मी लंडनच्या थिएटरबद्दल पण ऐकलीय, कोणती खरी?

दोन्ही गोष्टी फिरतायत न दोन्हींचा साचा एक आहे. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात करड्या झग्यातला, तीनकोनी टोपीवाला माणूस वरच्या बाल्कनीत दिसतो म्हणतात, तोही दिवसाढवळ्या तालमीच्या वेळी, न तो दिसला की नाटक चालतं असं तिथले नट मानतात. रायमनमधला करडा माणूस पण बाल्कनीतच, तालमीच्याच वेळी, कुणी वर गेलं की गायब.

फक्त रायमनच्या करड्या रंगाला स्वतःचं कारण आहे. १८९७ ची बाल्कनी अमेरिकन यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यासाठी बांधली गेली, तिला कॉन्फेडरेट गॅलरी असंच नाव होतं, न त्या फौजेचा गणवेश करडा. हे सैनिक गुलामगिरी टिकवणाऱ्या बाजूनं लढले होते, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट सांगू नये असं मला वाटतं, नाहीतर नुसता उदास म्हातारा सैनिक म्हणून आपल्याला त्याची दया येते न बाल्कनी कुणाच्या मानासाठी बांधली होती ते निसटतं.

न तालमीच्या वेळीच का दिसतो? लाइट करणाऱ्यांना विचारा. तालमीला स्टेजवर उजेड असतो न बाल्कनीत अंधार, आपण स्टेजवरून वर बघतो तेव्हा डोळ्यासमोर स्पॉटचा पडदा असतो, मागं टाकलेला कोट पण बसलेला माणूस वाटतो. मी स्वतः लाइट करते, हे मला दर प्रयोगाच्या आधी दिसतं.

९. ऑप्रीचा शाप खरा आहे का? इतकी माणसं एका कार्यक्रमातली कशी काय जातात?

यादी ऐकली की पोटात गोळा येतो हे खरं. सगळे ऑप्रीतले कलाकार. ५ मार्च १९६३ ला विमान पडून गायिका पॅट्सी क्लाइन, काउबॉय कोपास न हॉकशॉ हॉकिन्स गेले. तिच्यासाठीच्या प्रार्थनेला निघालेला जॅक अँग्लिन दोन दिवसांनी गाडीच्या अपघातात गेला. ३१ जुलै १९६४ ला जिम रीव्हज, तोही विमान अपघातात. १० नोव्हेंबर १९७३ च्या रात्री ऑप्रीचा प्रयोग करून घरी गेलेला स्ट्रिंगबीन न त्याची बायको एस्टेल यांचा दरोडेखोरांनी खून केला.

यात रायमनमधे कुणीच मेलं नाही, हे बघा आधी. मेले ते रस्त्यावर, आकाशात, घरी. त्या काळात ऑप्रीचं सदस्य राहायचं तर वर्षातले २६ शनिवार नॅशव्हिलला हजर राहायला लागायचं, न पोट भरायचे ते बाकीच्या दिवसांतल्या बाहेरगावच्या प्रयोगांवर. म्हणजे शुक्रवारी कुठंतरी लांब प्रयोग, रात्रभर गाडी नाहीतर छोटं विमान, शनिवारी स्टेजवर. रात्रीची गाडी, झोप नाही, हवामान बघायला वेळ नाही. आपल्याकडं नाटकाच्या न तमाशाच्या फडाच्या गाड्यांचे अपघात रात्री होतात त्याला आपण शाप म्हणत नाही, दौऱ्याचं वेळापत्रक म्हणतो.

स्ट्रिंगबीनचा बँकांवर विश्वास नव्हता, घरात पैसे आहेत अशी बोलवा होती, त्यापायी जीव गेला. १९९६ मधे त्याच्या घराच्या चिमणीच्या विटांमागं सुमारे २०,००० डॉलरच्या कुजलेल्या नोटा सापडल्या. या माणसांना शापाच्या यादीतला आकडा करून टाकू नका एवढीच विनंती.

१०. १९७४ मधे ऑप्री नव्या जागी गेली, मग भुतं पण गेली का?

हा अवघड प्रश्न आहे, कारण जागेचा तुकडा खरंच गेला. १५ मार्च १९७४ ला रायमनमधला शेवटचा नेहमीचा ऑप्री शो झाला न दुसऱ्या दिवशी गावाबाहेर नवं ऑप्री हाउस उघडलं. जाताना रायमनच्या स्टेजच्या लाकडाचा सहा फुटी गोल नव्या स्टेजच्या मधोमध बसवला, आजही गायक त्यावर उभं राहून गातो. मे २०१० मधे नदीला पूर आला न तो गोल पाण्याखाली गेला, तोही वाचवून परत बसवला.

पण भुतांच्या गोष्टी जुन्या जागीच राहिल्या. रायमन जवळजवळ वीस वर्षं ओस पडल्यासारखं होतं, मधे पाडायचा पण विचार झाला, त्याच्या विटा-खिडक्या वापरून दुसरीकडं छोटं प्रार्थनाघर बांधायचं ठरत होतं, त्यावर आरडाओरडा झाला म्हणून वाचलं. १९९४ मधे दुरुस्त होऊन परत सुरू झालं. माणसं गेलेली, वारा आत, बाक तसेच, गोष्टींना याहून बरी वीस वर्षं कुठली मिळणार. १९९९ पासून हिवाळ्यात ऑप्री अधूनमधून जुन्या जागी परत यायला लागली.

११. माझा भाऊ तिथं जाऊन आलाय, त्यानं स्वतः आवाज ऐकले. तुम्ही खोटं म्हणता का?

नाही हो, आवाज खरा असणार. तो कशाचा यावर बोलू. जुनी विटांची इमारत, आत सगळं लाकूड, दिवसा तापतं रात्री आकसतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात रात्री दहानंतर छत टणटण वाजायला लागतं, कुणी वर चाललंय असं पाहुण्याला वाटतं न आपण कूस बदलून झोपतो, तसंच. वर हा हॉल माइक नसलेल्या काळात एका माणसाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून बांधलेला, त्यामुळं एका कोपऱ्यात बाक करकरला तर दुसऱ्या कोपऱ्यात कानाशी ऐकू येतो.

आणखी एक, १९९८ मधे इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीमधल्या व्हिक टँडी यांनी लिहिलेलं गाजलेलं प्रकरण आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत लोकांना घाबरल्यासारखं व्हायचं, डोळ्याच्या कडेला करडं काहीतरी हलायचं, शेवटी सापडला एक पंखा, त्याच्यामुळं साधारण १९ हर्ट्झची, कानाला ऐकू न येणारी कंपनं होत होती. ते रायमन नाही, सगळीकडं हेच कारण असतं असंही नाही, पण आपल्या रंगमंदिरात अंगावर काटा आला तर आधी एक्झॉस्ट फॅन बघा. भावाला मात्र खोटं पाडू नका, त्याला जे वाटलं ते वाटलंच.

१२. घोस्ट लाइट म्हणजे काय? आपल्या हॉलला लावावा का?

तिकडच्या थिएटरांत सगळे गेले की स्टेजच्या मधोमध स्टँडवर एक उघडा बल्ब रात्रभर जळता ठेवतात. भुतांना नाटक करायला उजेड ठेवतो असं नटमंडळी म्हणतात. कामाचं कारण असं की सकाळी पहिला येणारा अंधारात स्टेजवरून खाली पडू नये. २०२० च्या लॉकडाऊनमधे बंद थिएटरांत हे बल्ब जळत ठेवले होते, आम्ही परत येणार याची खूण म्हणून.

आपल्याकडं नटराजपूजन, नारळ, नांदी, तिसरी घंटा हे सगळं प्रयोगाच्या आधीचं, प्रयोग संपल्यानंतरचं काही नाही. मला तरी ही पद्धत घ्यावीशी वाटते. साधा एलईडी बल्ब, स्टँडचा पाया जड, वायर टेपनं जमिनीला चिकटवलेली, न वॉचमनदादांना सांगून ठेवलेलं की मेन बंद करताना ही लाइन चालू ठेवा. समई किंवा निरांजन पेटतं ठेवून घरी जाऊ नका, पडदे, रंगवलेले फ्लॅट, सगळं भडकन पेटणारं असतं.

१३. आजी म्हणती देवाच्या जागेत भूत राहूच शकत नाही. मग हे कसं?

आजीच्या हिशोबानं बरोबर आहे. आपल्या भुतांचे पत्ते ठरलेले असतात, मुंजा पिंपळावर, आसरा पाण्यावर, चकवा माळावर, वेताळ स्मशानाकडं, देवळाच्या गाभाऱ्यात कुणी नाही. आपलं भूत बहुतेक वेळा काहीतरी मागतं किंवा झाडाला धरून राहतं, न त्याला उतारा असतो.

रायमनमधली भुतं तशी नाहीत. ती अंगात येत नाहीत, मागत नाहीत, नुसती असतात. तिथं कुणी पुरलेलं पण नाही, खुद्द रायमनची कबर नॅशव्हिलच्याच दुसऱ्या दफनभूमीत आहे. न आजीला एक विचारा, पैठणच्या नाथांनी भारुडात देवालाच भूत म्हटलंय, एकदा धरलं की न सोडणारं, तेव्हा देव न भूत यांच्यामधली भिंत आपल्याकडंही वाटते तेवढी जाड नाही. सॅम जोन्सच्या तंबूत रायमनला जे धरलं ते त्याच जातीचं.

१४. आपल्या मराठवाड्यात अशी जुनी चर्च आहेत, तिथं रात्री शूट करायला जावं का?

जाऊ नका. संभाजीनगरच्या छावणीतलं ख्राइस्ट चर्च किंवा जालन्याची मिशनच्या काळातली चर्च ही लोकांची आजची प्रार्थनेची ठिकाणं आहेत. जालन्याला तर मिशनरी रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्यासारख्या माणसांच्या कामाचा मोठा इतिहास आहे, तो ऐकायला दिवसा जा, फादर नाहीतर पास्टर यांना भेटा, परवानगी मागा. रात्री भिंतीवरून उड्या मारून मोबाइलवर भूत शूट करणाऱ्यांना माझा पूर्ण विरोध आहे. तिथल्या कबरी कुणाच्या तरी आजी-आजोबांच्या आहेत. बाकी चर्चचं थिएटर होणं रायमनपुरतंच नाही, ग्लासगोचं ओरान मोर हे जुन्या चर्चचं नाट्यगृह झालंय, न न्यूयॉर्कचं युनायटेड पॅलेस १९३० चं सिनेमा थिएटर, ते १९६९ मधे उलट चर्च झालं.

१५. मुलगा तिकडं आयटीत आहे, आम्ही दोघं जाणार आहोत. भूत बघायला काय करावं?

जा काका-काकू, जरूर जा. दिवसा तिकीट काढून आतून फिरता येतं, तेव्हा बाकावर शांत बसता येतं, स्टेजवर उभं राहता येतं. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर बाल्कनीचं तिकीट घ्या, करड्या माणसाचा इलाखा तोच. मागच्या गल्लीत पण एक चक्कर मारा. बाकांना पाठ कडक आहे, कंबरदुखी असेल तर आधीच विचार करा. गाइडला भुतांचं जरूर विचारा, न सोबत लुला नॅफबद्दलही विचारा.

१६. आम्हाला यावर एकांकिका करायचीय. काय ठेवावं, काय टाळावं?

स्ट्रिंगबीन न एस्टेलचा खून स्टेजवर दाखवू नका, त्यांचे नातलग असतील. पॅट्सी क्लाइनचा विमान अपघात पण नको. १९३९ चं घ्या, सगळं त्यात आहे, रिकामा हॉल, उद्याचा प्रयोग, अटकेची धमकी न टेबलावर हिशोब करत बसलेली बाई. पात्रं दोनच पुरतात, बाई न पावलांचा आवाज. रायमन शेवटपर्यंत दाखवू नका. पावलं स्पीकरवरून घेऊ नका, प्रेक्षकांच्या मागं लाकडी फळ्या टाका न त्यावर खरा माणूस चालवा, रेकॉर्डिंग लगेच ओळखू येतं. बाई सही करते तेव्हा ती कोणत्या नावानं करते ते प्रेक्षकांना दिसलं पाहिजे, तिथं उजेड कमी पडू देऊ नका. न संहिता परिनिरीक्षणाला वेळेत पाठवा, स्पर्धेच्या तोंडावर फार गर्दी होते.